पाच वाजून दहा मिनिटांचा पाहुणा

"मले 'हो' दिसते, बाई. 'नाही' कुठी आहे?"

आर्याजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्या लॅपटॉपच्या इतक्या जवळ वाकल्या, की त्यांचा श्वास पडद्यावर धुरकट उमटला.

मी बोट ठेवून दाखवलं. मोठ्या हिरव्या 'हो'च्या खाली, फिक्या राखाडी अक्षरांत, 'नाही' होतं.

"एवढं बारीक काहून?"

मी म्हटलं, सगळेच असं करतात.

त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. 

वैनगंगेकाठच्या आमच्या विहाराची वेबसाइट मी बनवली आहे. शिबिरांचे अर्ज, वर्षावासाचं, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाचं, वेळापत्रक, आणि भिक्खुणी आर्या सुमेधांनी, म्हणजे आमच्या आर्याजींनी, म्हटलेली सकाळची वंदना, एवढंच तिच्यावर असतं. वेबसाइटवर कोण येतं, कुठल्या शहरातून, किती वाजता, काय ऐकतं, याची नोंद ठेवायची सोयही मीच जोडली. कॉलेजात शिकवलं होतं, म्हणून जोडली. येणाऱ्यांना विचारलं नव्हतं.

मग विहार समितीचे सचिव मेश्राम सर नव्या कायद्याचे कागद घेऊन आले. सर निवृत्त तलाठी. त्यांनी लाल पेनाने रेघा मारून आणल्या होत्या. नोंद ठेवायची तर येणाऱ्याला आधी साध्या भाषेत सांगा. त्याची परवानगी घ्या. 'नाही' म्हणणं 'हो' म्हणण्याइतकंच सोपं ठेवा. न विचारता जमवलेलं पुसून टाका. ही शेवटची रेघ दोनदा मारलेली होती. सर म्हणाले, सूचना लिही आणि आर्याजींना दाखव; त्यांना कळली, तर कोणालाही कळेल. आर्याजी तिथेच बसल्या होत्या. हसल्या.

सूचना मी लिहिली. 'नाही' लिहिताना हात आपोआपच आखडला.

"कोण 'नाही' म्हणेल, असं वाटते तुले?" आर्याजींनी विचारलं.

...

मी दार लोटून घेतलं आणि जे आठ महिने कोणाला सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

एक पाहुणा आहे. गुजरातमधल्या एका शहरातून येतो. रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी. शिबिरांचं पान उघडत नाही, वेळापत्रक बघत नाही. फक्त वंदना लावतो, आणि तिचाही फक्त शेवट. वंदना संपते तेव्हा सगळे एका सुरात 'साधू, साधू, साधू' म्हणतात. मग क्षणभर थांबून एकच बाई एकटी म्हणते, 'साधू'. ती माझी आई. आई कायम सगळ्यांच्या मागे राहते. माझा मोठा भाऊ अश्वजित तिला चिडवायचा, तुझ्या साधूची एसटी चुकली म्हणून.

तो पाहुणा ते शेवटचे तीन सेकंद ऐकतो. मागे जातो. पुन्हा ऐकतो.

दादाला घर सोडून दोन वर्षं झाली. बाबा त्याला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. तो भर दुपारी बाहेर पडला, आणि मी दारातच होते तरी थांब म्हटलं नाही. मला मोठ्या आवाजाची भीती वाटते. त्या दिवशी घरात फार मोठे आवाज होते.

"सूचना लावली तर त्याला कळेल, की कोणीतरी बघतंय," मी म्हटलं. "तो 'नाही' दाबेल. नाहीतर येणंच बंद करेल. मग तो आहे की नाही, हे मला कसं कळणार?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्या दिवसाची ओळ पडद्यावर होती. पाच वाजून दहा मिनिटं. सात वेळा ऐकलं होतं.

आर्याजींनी मान खाली घातली.

भिक्षेला जातात तेव्हा त्या अशाच उभ्या राहतात. नजर पात्रात. वाढणारीचं तोंड बघायचं नाही, असा नियमच आहे त्यांचा. माझ्या आईने बावीस वर्षं त्या पात्रात भात वाढलाय, पण आर्याजींनी मान वर करून तिला कधी पाहिलं नाही. आई म्हणते, म्हणूनच मी घरच्या लुगड्यात, विस्कटल्या केसांनी, रडून सुजलेल्या डोळ्यांनीसुद्धा दारात जाऊ शकते.

"बघा ना, आर्याजी," मी म्हटलं. "एकदाच."

"त्याले माहीत आहे का, मी बघून राहिली म्हणून?"

...

बाहेर कोणीतरी बादली आपटली. मी दचकले. त्या हलल्या नाहीत.

मग त्यांनी विचारलं, दादाचा नंबर माझ्याकडे नाही का. आहे, मी म्हटलं. त्याच्या मित्राने दिला होता. बाबांना दिसू नये म्हणून 'गॅस एजन्सी' नावाने ठेवलाय. आर्याजींचे खांदे हलले. हसल्या असाव्यात.

"कधी हाक मारली त्याले?"

मी सांगितलं, की फोन केला आणि त्याने नंबर बदलला, पहाटेचं येणंही सोडलं, तर काहीच उरणार नाही. तो पहाटे उठतो, जिवंत आहे, आईचा आवाज ऐकतो, एवढं मला पुरत होतं.

"पुरत होतं?"

 रोज पाच वाजता मी अंथरुणात फोन धरून बसायचे. दहा मिनिटांनी ती ओळ यायची. मग दिवसभर पुन्हा काही नाही. दुसऱ्या दिवशीच्या पाचपर्यंत काही नाही...

 आर्याजींनी मला काहीच करायला सांगितलं नाही. हे इथे सांगायला हवं.

मी 'नाही'चं अक्षर मोठं केलं. 'हो'एवढं. त्यालाही हिरवा रंग दिला आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले. सूचना वेबसाइटवर चढवली. मग जुन्या नोंदी उघडल्या. यंत्राने विचारलं, नक्की पुसायचं का, परत मिळणार नाही. आठ महिन्यांच्या पहाटा होत्या त्या. माझं बोट पहिल्यांदा चुकीच्या जागी पडलं. दुसऱ्यांदा बरोबर पडलं.

पडदा रिकामा झाला.

मला वाटलं होतं, मी रडेन. त्याऐवजी मला त्याची इतकी आठवण आली, की बसवेना. मी उठून खिडकीशी गेले, फोन काढला आणि 'गॅस एजन्सी' दाबलं.

रिंग वाजत राहिली आणि थांबली.

पुन्हा लावला. पुन्हा तेच. मी वळून आर्याजींकडे पाहिलं. नको म्हणाल्या असत्या तर मी ठेवला असता, त्याची मी वाटच बघत होते. त्या नको म्हणाल्या नाहीत.

तिसऱ्यांदा पाच रिंगा झाल्या. सहावी अर्धी वाजली आणि तुटली. पलीकडे यंत्रांचा घरघराट आला, आणि त्याच्या पुढे, अगदी कानाशी, कोणाचा तरी श्वास.

"हॅलो?" दादा म्हणाला. "कोण... छोटी?"

 विचारायचं सगळं एकदम तोंडाशी आलं. कुठे आहेस, त्याच शहरात का, पहाटे तूच असतोस ना...

"तू कु..."

आर्याजी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"जेवला का," त्या हळूच म्हणाल्या, "ते विचार त्याले."