पांढऱ्यावर पांढरं

"...आणि तो मंत्र एकदा का मिळाला, की आपलं दुकान गुगलवर थेट सगळ्यांच्या वर! पण त्याच्या बदल्यात आक्का म्हणे माणसाची..."

एवढ्यात गिरणीचा पट्टा फिरायला लागला आणि पुढचं सगळं ज्वारीबरोबर दळून गेलं.

कुंदाकाकूंनी पिठाचा डबा खाली ठेवला, मान पुढे काढली, कान टवकारले. काही उपयोग झाला नाही. गिरणी थांबेपर्यंत त्या दोघी बोलणाऱ्या बायका आपापले डबे उचलून चालत्या झाल्या होत्या.

माणसाची काय? झोप? जमीन? की आणखी काही?

काकूंना त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

आक्का म्हणजे शिरवड्याच्या टेकडीवरच्या मठात राहणाऱ्या आक्का. पूर्वी साताऱ्यात असायच्या, छोट्या दुकानदारांना इंटरनेटवर सायटी करून द्यायच्या. यजमान गेले, मुलगी सासरी गेली, तशा त्या मठात आल्या आणि मठाच्या स्वयंपाकघराच्याच होऊन गेल्या. पण जुनी विद्या कुठे जाते? पापडवाल्या सुमनला त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. नर्सरीवाल्या जाधवालाही सांगितल्या. दोघांचं बरं चाललं होतं. मग मंत्राची गोष्ट गावभर व्हायला कितीसा वेळ लागणार?

काकूंच्या गॅलरीसमोरच वडक्यांचं तांब्यापितळेचं दुकान. मुलगा सुयोग पुण्याला शिकून आला होता, सायटींचा कोर्सही केला होता. त्याने दुकानाची सायट काढली, पाटी बदलली, 'वडके हेरिटेज मेटल्स' असं नाव दिलं. बाजूच्या अंगणातली भट्टीही बंद करवली.

आणि गिऱ्हाईक? गिऱ्हाईक येईना.

भानुदासअण्णांनी पोराला एवढंच सांगितलं होतं, "दसऱ्यापर्यंत बघतो. नाही जमलं तर दुकान त्या मोबाइलच्या कव्हरवाल्याला देऊन टाकू."

हे अण्णांनी आत, दार लावून सांगितलं होतं. काकूंना ते कसं कळलं, ते विचारू नये.

"सुयोग, चल आक्कांकडे," काकू म्हणाल्या.

"काकू, मी सर्टिफिकेटवाला आहे. मठातल्या बाईंना काय विचारू?"

"मंत्र विचार."

"असा मंत्र नसतो हो."

"नसू दे. यायला तुझं काय जातं? मी आहे ना बरोबर."

काकू बरोबर कशासाठी होत्या, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. त्यांना ते अर्धं वाक्य पुरं करायचं होतं.

टेकडी चढून गेले तेव्हा आक्का स्वयंपाकघरात एका भल्या मोठ्या पितळी पातेल्यापुढे उभ्या होत्या. पळीभर ताक तळहातावर घेऊन त्यांनी जिभेला लावलं आणि लगेच चूळ भरली.

"कळकलं. पितळ उतरलंय ताकात."

पातेलं तिरकं करून त्यांनी सगळं ताक मोरीत ओतलं. आतून पातेलं पिवळंधमक, जागोजागी हिरवट डाग पडलेलं. दसऱ्याच्या उत्सवाचा भंडारा जवळ येत होता.

"बस," त्या सुयोगला म्हणाल्या. "कुंदाताई, तुम्हीही बसा. काय काढलंत?"

"आक्का, माझी सायट सगळ्यात वर यायला पाहिजे," सुयोग म्हणाला. "कोर्समध्ये शिकवलं ते सगळं केलंय. तरी येत नाही."

"दाखव."

सुयोगने फोन पुढे केला. आक्कांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "शाश्वत धातुपात्रांचा अभिजात अनुभव."

त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"कुंदाताई, हे दुकान कशाचं असेल?"

"मला तर..." काकू अडखळल्या, "मला तर दवाखाना वाटला."

सुयोगचे कान लाल झाले.

आक्कांनी बोट वर सरकवलं. पान संपलं आणि खाली नुसती पांढरी जागा आली. बरीच. आक्कांनी त्या जागेवर बोट दाबून धरलं, तशी तिथे निळ्या पट्टीत अक्षरं उमटली. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या शाईने लिहावीत तशी. बेस्ट तांबे, नंबर वन पितळ, स्वस्त भांडी, पुणे, मुंबई, दुबई.

"दुबई कशाला रे?" काकूंना राहवलं नाही.

"जास्त शब्द असले की बरं असतं, काकू."

"वाचणाऱ्याला दिसू नये असं लिहिलंस," आक्का म्हणाल्या. "मग लिहिलंस कोणासाठी?"

"मशीनसाठी. मशीन वाचतं, मग वर चढवतं."

"अस्सं... मशीन कधी भांडी घेऊन आलं दुकानात?"

सुयोगने फोन मागे घेतला.

चुलीवर डाळ शिजत होती.

आक्कांनी ते डागाळलेलं पातेलं दोन्ही हातांनी ओढत आणलं आणि सुयोगच्या पुढ्यात ठेवलं.

"हे नीट करायचंय. तुझ्या फोनला विचार, कोणाकडे जाऊ?"

"आक्का, मी इथे सायटीचं विचारायला..."

"विचार."

सुयोगने विचारलं. 'कल्हई' लिहिलं. मग 'पातेल्याला कल्हई'. मग इंग्रजीत. मग 'कल्हई जवळपास'.

कोल्हापूरकडचा कोणीतरी आला. पुण्याचे दोघे आले. एक जण तर दारोदार सायकलवर फिरणारा, त्याचाही नंबर आला.

"खाली बघ अजून."

सुयोग खाली खाली जात राहिला. त्याचं बोट हळू झालं... मग थांबलं.

"तुझं कुठेय?"

"...नाही."

काकूंना बसवेना. "अहो पण आक्का, या पंचक्रोशीत अण्णांसारखी कल्हई कोणाच्या हाताला नाही! मी गॅलरीतून बघत आलेय ना. भांडं तापलं की नवसागराची चिमूट पडते, पांढरा धूर उठतो, आणि अण्णा कथील लावून कापसाचा बोळा असा फिरवतात... एकदाच. काळंमिट्ट भांडं आतून चांदणं पडल्यासारखं उजळतं. माझा हातातला चहा निवून जायचा बघता बघता."

"मग ते तुझ्या पानावर का नाही?" आक्कांनी विचारलं. काकूंना नव्हे, सुयोगला.

"काढून टाकलं."

"का?"

सुयोग पातेल्यातला एक हिरवा डाग नखाने खरवडू लागला.

"कॉलेजात पोरं त्याला 'ए कल्हई' म्हणून हाक मारायची," काकूंनी सांगून टाकलं.

"काकू!"

"खरं तेच सांगतेय ना? तुझ्या आईनेच सांगितलंय मला."

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी पातेल्याच्या काठावर बोट फिरवलं, तिथे ठोक्याची नक्षी होती.

"हे तुझ्या आजोबांनी घडवलंय. दर वर्षी भंडाऱ्याआधी मठाची भांडी तुमच्याकडे जायची. यंदा निरोप पाठवला, तर अण्णा म्हणाले, आमच्याकडे आता ते काम बंद."

सुयोगला हे माहीत नव्हतं. अण्णांनी त्याला सांगितलं नव्हतं, आणि ते का सांगितलं नव्हतं, तेही त्याला तिथेच बसल्याबसल्या कळलं. त्याने मान खाली घातली.

मग तो म्हणाला, "कल्हई लिहू म्हणता पानावर? सगळ्यात वर? लोक काय म्हणतील?"

"ते म्हणतील तेच लिही."

सुयोगने वर पाहिलं.

"भांड्याची कल्हई उडाली की बाई काय म्हणते? ताक कळकलं म्हणते. अभिजात अनुभव आला असं म्हणते का?"

काकूंनी तोंडाला पदर लावला.

"भट्टी कोणत्या वारी पेटते, ते लिही. भांडं किती वेळात मिळतं, ते लिही. स्टीलला आणि ॲल्युमिनियमला कल्हई लागत नाही, तेही लिही, म्हणजे कोणाचा हेलपाटा होणार नाही. नकाशावर दुकानाची खूण कुठे टाकलीस?"

"चौकात. दुकान गल्लीत आहे, पण चौक बरा दिसतो..."

"माणूस चौकात येऊन उभा राहील आणि परत जाईल. खूण गल्लीत ने."

"आणि मंत्र?" हे काकूंनी विचारलं. त्या त्याचसाठी तर आल्या होत्या.

आक्कांनी सुयोगकडून पान दुरुस्तीसाठी उघडून घेतलं आणि फोन हातात धरला. ती पांढरी जागा पुन्हा बोटाखाली धरली.

"पुसू?"

सुयोगने मान हलवली.

दुबई गेली. मुंबई गेली. नंबर वन गेला. शेवटी आक्का त्या पहिल्या ओळीवर आल्या, अभिजात अनुभवाच्या. ती लिहायला सुयोगला आठवडा लागला होता. त्याने क्षणभर डोळे मिटले.

"...पुसा."

आक्कांनी ती पुसली आणि फोन परत दिला. वरची जागा रिकामी होती.

"पातेलं घेऊन जा जाताना," त्या म्हणाल्या आणि डाळ ढवळायला वळल्या.

टेकडी उतरताना पातेल्याचा एक कान सुयोगच्या हातात आणि दुसरा काकूंच्या. रस्ताभर कोणी बोललं नाही. काकूंसारख्या बाईला ते किती जड गेलं असेल, याचा विचार वाचणाऱ्यांनीच करावा.

दुसऱ्या दिवशी वडक्यांच्या अंगणातून धूर निघाला. काकू गॅलरीत धावल्या. अण्णा भट्टीपुढे बसले होते, आणि भात्यावर सुयोग. इस्त्रीच्या शर्टात! संध्याकाळी त्याने त्या बसण्याचाच फोटो पानावर टाकला. खाली दोन-तीन साध्या ओळी. मठाच्या पातेल्याचे फोटोही टाकले, एक डागाळलेलं असतानाचा, एक नंतरचा.

लगेच काही झालं नाही. पितृपक्ष आला, गेला. कव्हरवाला दोनदा दुकानाचं माप घेऊन गेला. सुयोग रोज फोन बघायचा आणि खिशात टाकायचा. अण्णा काही विचारायचे नाहीत. काकू विचारायच्या.

मग एके दिवशी साताऱ्याहून एक जोडपं गाडीत भांडी भरून थेट गल्लीत आलं, चौकात न थांबता. मग एक केटरिंगवाला आला, लग्नाची मोठाली पातेली घेऊन. काम बघून तो इतका खूश झाला, की त्याने आपल्या स्वतःच्या पानावर वडक्यांचं नाव आणि पत्ता टाकला. सुयोगने सांगितलंही नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकूंनी सुनेचा फोन मागून घेतला. आधी 'तांब्याची भांडी' लिहिलं. वडके कुठेच नाहीत. खाली गेल्या, आणखी खाली गेल्या, सूनबाई वैतागली, तरी नाहीत.

मग 'कल्हई' लिहिलं.

पहिलंच नाव वडक्यांचं. खाली भात्यावर बसलेला सुयोग.

काकू जागच्या जागी मोठ्याने हसल्या.

त्याच दिवशी गिरणीत त्यांना त्या दोघी बोलणाऱ्या बायकांपैकी एक भेटली आणि अर्धं वाक्य अखेर पुरं झालं. आक्का म्हणे त्या बदल्यात माणसाची सगळी सायट पुसून टाकतात, आणि मग ती आपोआप मंत्राने भरते.

"पुसतात, ते खरंय," काकू म्हणाल्या. "मी डोळ्यांनी बघितलंय. पण सगळी नाही, आणि आपोआप तर काहीच भरत नाही. मंत्राचं म्हणशील तर..." इथे पट्टा सुरू झाला, आणि या खेपेला त्या बाईचे कान पुढे आले.

दुपारी सुयोग मठाची उरलेली भांडी टेम्पोत घालून टेकडीवर गेला. काकू अर्थातच पुढच्या सीटवर. दुकान कव्हरवाल्याला जाणार नाही, हे अण्णांनी सकाळीच सांगितलं होतं, आणि या वेळी दार उघडं होतं.

सुयोगची नखं काळी झाली होती. कपाळावर काजळीचा पट्टा होता, तो त्याने पुसला नव्हता. त्याने एक पातेलं आक्कांपुढे ठेवलं. आतून ते असं उजळ होतं, की आक्कांचा चष्मा त्यात दिसत होता.

"अण्णांनी केलं?"

"मी केलं. अण्णा नुसते बसून होते."

आक्कांनी पातेलं उन्हाकडे धरलं. फिरवलं. बराच वेळ बघितलं.

"हात चांगला आहे," आक्का म्हणाल्या.

सुयोग फुलला. "आक्का, आपण वर आलो! शिरवड्यात पहिले. तालुक्यातही पहिले. आता फक्त एक सांगा... आता असंच पहिलं राहायचं, तर काय करावं लागेल?"

आक्का उठल्या. कोपऱ्यातली ताकाची कळशी आणली. सुयोगच्या पातेल्यात ताक ओतलं, पांढऱ्यावर पांढरं, आणि वर झाकण ठेवलं.

"उद्या सकाळी ये. चाखून सांगते."