पल्याडचा फितूर

“मग मी चुकलो कुठं, वस्ताद? तेवढं तरी सांगा.”

सयाजी खराडेनं पुन्हा तेच विचारलं.

आंबेखिंडीच्या पिराच्या दर्ग्यापुढं ओट्यावर शाहीर कासम आतार बसले होते. साऱ्या पट्ट्यात त्यांना वस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली डफ धरायला शिकलेल्यांत सयाजी सगळ्यांच्या पुढं गेला होता. किती पुढं, ते दर्ग्याबाहेर उभ्या त्याच्या गाडीकडं बघून कळत होतं.

बेचाळीस साली आंबेखिंडीच्या माणसांनी तालुक्याच्या कचेरीवर झेंडा लावायला मोर्चा नेला होता. गोळीबार झाला. माणसं पडली. त्यावर वस्तादांनी तरुणपणी एक पोवाडा रचला होता. तो जत्रेत गाजायचा, पण जत्रेपुरताच. सयाजीनं तो नव्यानं बांधला, एका वृत्तवाहिनीवर गायला आणि रातोरात घराघरांत पोचला. वरातीत तो वाजू लागला, रिक्षात वाजू लागला. निवडणुकीत पुढारी भाषणाला उभे राहायच्या आधी तोच लावत, म्हणजे मैदान तापायचं.

आता पंधरा ऑगस्टला वाहिनीचा मोठा कार्यक्रम होता. तालुक्याच्या मैदानावर, थेट प्रक्षेपण. शिष्य गाणार आणि गुरू व्यासपीठावर बसून आशीर्वाद देणार, असं ठरलं होतं. म्हणजे वाहिनीनं ठरवलं होतं.

वस्ताद नाही म्हणाले होते.

“तुमचाच पोवाडा आहे,” सयाजी म्हणाला. “तुमचं नाव घेतल्याशिवाय मी कुठं सुरुवात करत नाही. मग राग कशाचा?”

“राग नाय.”

“मग?”

“गा की जरा. इथं.”

सयाजीला बरं वाटलं. त्यानं ओट्यावरचा डफ उचलला, नमन धरलं. आवाज खणखणीत होता. दर्ग्यात आलेल्या दोन बाया पायरीवरच थांबल्या. नमन संपवून तो कथेत शिरला, आणि पहिल्याच चौकात, पहिल्याच कडव्यात, त्याची ती ओळ आली. तिच्यावर मैदानंच्या मैदानं उठायची...

“पल्याडचा तो फितूर झाला, गोठणवाडीनं घात केला, जी जी रं जी...”

वस्तादांनी हात पुढं केला आणि डफावर पालथा पंजा ठेवला.

आवाज मेला.

“ह्यो गाळून गा,” ते म्हणाले.

“कोण?”

“फितूर.”

सयाजी हसला. वस्ताद हसले नाहीत, तेव्हा त्यानं पुन्हा नमनापासून धरलं. नमन झालं. मोर्चा निघाला. फितूर यायची जागा आली, ती त्यानं ओलांडली. पुढच्या चौकात फितुराला शिव्या होत्या. तोही ओलांडला. त्यापुढं सूड होता... मग फितुराच्या औलादीला आजचा इशारा...

तो थांबला.

“पुढं?”

“पुढं सगळं त्याच्यावरच आहे, वस्ताद.”

“मग देश कुठं ऱ्हायला?”

सयाजीनं डफ खाली ठेवला. पायरीवरच्या बाया निघून गेल्या.

“लोकांना ते लागतं,” शेवटी तो म्हणाला. आवाजात थोडी धार आली होती. “तुम्ही त्यात फितूर घातला नव्हता, म्हणून तुमचा पोवाडा या खिंडीबाहेर गेला नाही. वाहिनीवाले सांगतात ते खोटं नाही. समोर कुणी उभा केल्याशिवाय आपण कोण ते माणसाला कळत नाही. आज चार राज्यांत पोरं माझ्या गाण्यावर झेंडा घेऊन उभी राहतात. हे काही कमी आहे?”

“कमी नाय.”

“मग?”

“पोलीस आधीच दबा धरून बसले हुते, त्ये खरं. कुणी सांगितलं त्यास्नी?”

“ते कुणालाच माहीत नाही. मी एक फितूर कल्पनेनं घेतला. कुणाचं नाव घातलेलं नाही.”

“नाव नाय,” वस्ताद म्हणाले. “गाव हाय.”

दर्ग्याखालून नदी वाहत होती आणि तिच्या पल्याड गोठणवाडी; सयाजीनं तिकडं पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. लहानपणापासून ती वाडी त्याला तिथून दिसत आली होती. यमकात बसली, म्हणून त्यानं ती घेतली होती. इतकंच.

“कधी गेलास पल्याड? गाणं झाल्यापास्नं?”

“कशाला जाऊ?”

“त्यांच्या दारात तू जाणार नाय, मग व्यासपीठावर मला कशाला बोलवतोस?”

एवढं बोलून ते उठले आणि आत गेले. सयाजीला चीड आली. गुरूचा आशीर्वाद नसला तरी कार्यक्रम होणारच होता. पण हा माणूस आपल्याला भित्रा समजतोय, हे त्याला सहन होईना. जाऊन यायचं, आणि जाऊन आलो म्हणून तोंडावर सांगायचं, असा विचार करून त्यानं गाडी वळवली.

पूल ओलांडला की गोठणवाडीची पाटी होती. तिच्यावर कुणीतरी डांबर फासलं होतं. खाली वेड्यावाकड्या अक्षरांत एकच शब्द होता, ‘फितूर’. तो सयाजीचाच होता.

त्यानं गाडी तिथंच सोडली.

पहिल्या घराच्या सोप्यात एक बाई हुलगे निवडत होती. तिनं न विचारता पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तो पाणी प्यायला. मग तिनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

“टीव्हीवरचं शाहीर न्हवं का तुमी?”

“हो.”

तिनं तांब्या उचलला नाही, की काही टाकून बोलली नाही. पुन्हा सुपापुढं बसली. तिचं नाव अनुसया घारगे.

“आमचं मालक डेरीत दूध घालायला जात्यात,” ती खाली मान घालून म्हणाली. “तिथली माणसं ‘आला बगा फितूर’ म्हणत्यात. हसत म्हणत्यात. चेष्टाच असती. पर रोज असती.”

सयाजीनं रिकामा तांब्या बाजूला सारला.

“तुमचं गाणं लावून मोटारसायकली येत्यात. झेंडं घिऊन. झेंडा बगून पोरं आधी पळत जायची बगायला. आता दार लावून घेत्यात.” तिनं सुपातला खडा बाहेर टाकला. “आमच्यात बी झेंडाच लावत्यात की वो, शाळंत...”

सोप्याच्या कोपऱ्यात वाकळेवर एक म्हातारी बसली होती. अनुसयाची सासू, चंद्राबाई. गोठणवाडीचीच लेक आणि गोठणवाडीचीच सून. बेचाळीस साली परकरी पोर होती. त्या दिवसाचं आठवणारं वाडीत आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

“आत्याबाईंचा बा हुता मोर्चात,” अनुसया म्हणाली. “आदी लई सांगायच्या. आता इचारलं तरी सांगत न्हाईत.”

सयाजी म्हातारीपुढं जाऊन बसला.

“आजी, त्या दिवशी काय झालं होतं?”

म्हातारीनं डोळे बारीक केले. त्याच्या कपाळावरचं गंध पाहिलं, मनगटातलं कडं पाहिलं.

“तूच सांग, बाबा. तू टीव्हीत असतोस. तुला ठावं असंल.”

“तुमचे वडील होते ना मोर्चात?”

“मला वाटायचं, हुते.” म्हातारी थांबली. “पर टीव्हीत येगळंच सांगत्यात. बारकी हुते मी. चुकत बी असंन...”

चार राज्यांतली पोरं सयाजीनं उभी केली होती, आणि इथं एका म्हातारीच्या डोक्यातून तिचा बाप काढून घेतला होता.

“आजी, ते मला ठाऊक नाही,” तो म्हणाला. “मी रचलं ते.”

“म्हंजे?”

“खोटं आहे ते. माझ्या मनचं.”

म्हातारी विचारात पडली. तिला ते पटेना.

“मग टीव्हीत कसं आलं?”

सयाजीनं मान खाली घातली. अनुसयाचे हात सुपात थांबले होते.

“तुम्हाला आठवतं तसं सांगा,” तो म्हणाला. “तेच खरं धरू.”

म्हातारीनं सुनेकडं पाहिलं. सून म्हणाली, “सांगा की.” मग ती अडखळत सांगू लागली. फार काही नव्हतं. नदीला पूर होता. तेव्हा पूल नव्हता. आंबेखिंडीची माणसं आपल्या काठावर अडकली होती आणि कचेरी गोठणवाडीच्या बाजूला. गोठणवाडीच्या माणसांनी गुऱ्हाळाची मोठी काहील, गूळ करायची ती, पाण्यात लोटली. तिच्यात माणसं बसवायची आणि पोहत ढकलत आणायची. तिचा बाप काहिलीच्या कडेला धरून होता. आई काठावरून ओरडत होती, की आता पुरं, आता पुरं. बाप ऐकत नव्हता. सगळी माणसं उतरवून, ओल्या धोतरानं तोही त्यांच्यामागं गेला.

“आला का परत?”

“आला की. पाय गेला हुता. पर आला.”

तिच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. बाप परत सापडल्यासारखं.

त्या दिवसापासून सयाजीनं फोन उचलणं कमी केलं. पोवाडा नव्यानं बांधायला बसला. फितूर काढल्यावर पडलेल्या खिंडारात त्यानं पूर आणला, काहील आणली. मागं झील धरणारे झिलकरी म्हणाले, “शाहीर, ह्याच्यात चढ नाही. माणसं उठायची नाहीत.” तो म्हणाला, “न उठू देत.” वाहिनीच्या कार्यक्रमाचा प्रमुख चैतन्य मोडक याचा फोन आला.

“तो फितुराचा भाग तेवढा लांबवा हं. तिथंच रेटिंग चढतं.”

“तो भाग काढलाय.”

“काढलाय म्हणजे? शाहीर, त्याच्यासाठीच तर बोलावलंय तुम्हाला. देशप्रेमाचा कार्यक्रम आहे हा.”

“म्हणूनच काढला,” सयाजी म्हणाला, आणि फोन ठेवला.

मोडकला वाटलं, ऐन वेळी हा तो भाग गाईलच. मैदान भरलं की कुठल्याही शाहिराला राहवत नाही.

मैदान भरलं होतं. पावसाची भुरभुर असूनही गर्दी हलली नाही. सयाजी फेटा बांधून उभा राहिला तशी घोषणांनी कानठळ्या बसल्या. त्यानं डफ खाली घेतला आणि थांबायला हात केला. गर्दी शांत व्हायला वेळ लागला.

“त्या दिवशी फितूर कोण होता, मला माहीत नाही,” तो म्हणाला. “कुणालाच माहीत नाही. गोठणवाडीचा होता, हे मी रचलं होतं. ते खोटं होतं. आज मी खरं गाणार आहे.”

मैदानात कुजबुज झाली. कडेची पोरं ओरडली, “जुनंच होऊ दे!” एका झिलकऱ्यानं तुणतुणं खाली ठेवलं आणि तो मागं सरला. सयाजीनं मागं वळून पाहिलं नाही. त्यानं नमन धरलं. आवाज लागला.

“पूर चढला, काहील निघाली, पल्याडचा हात अल्याड आला, जी जी रं जी...”

दुसऱ्या चौकाला कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला. वाहिनीनं जाहिराती लावल्या, आणि परत आली ती दुसऱ्याच गावाहून. सयाजीला विझलेला दिवा दिसला. तो गात राहिला. काहील पार झाली, माणसं उतरली, एक माणूस ओल्या धोतरानं त्यांच्यामागं चालू लागला... शेवटचा चौक त्यानं संपवला.

दुसऱ्या दिवशी वाहिनीनं करार मोडला. मोबाइलवर शिव्यांचा पाऊस पडला. शाहीर विकला गेला, असं म्हणणारे कालपर्यंत त्याच्याच गाण्यावर नाचत होते. सयाजी आधी गोठणवाडीला गेला, डबाभर रॉकेल घेऊन पाटी घासली. डांबर पुरतं निघालं नाही. वाडीच्या नावाची अक्षरं मात्र वाचता येऊ लागली. मग पूल ओलांडून तो आंबेखिंडीला आला.

वस्ताद ओट्यावरच होते.

“जाऊन आलो पल्याड,” सयाजी म्हणाला.

“कळलं.”

“वाहिनी गेली. दोघं झिलकरी गेले. पण पोवाडा तसाच गाणार, वस्ताद. मैदान नसलं तर चावडीपुढं. चावडीवर नको म्हणाले तर बाजारात. जिथं जिथं जुना गेलाय, तिथं तिथं हा घेऊन जाणार. वर्षं गेली तरी चालतील.”

“बरं.”

तो ओट्यावर बसला. बोलायचं एवढंच नव्हतं. खरं बोचत होतं ते सांगायला त्याला वेळ लागला.

“एक सांगू? इतकी वर्षं गातोय. असं कधी झालं नव्हतं...”

त्यानं ओट्यावरचा डफ जवळ ओढला.

“पोवाडा संपला, तर सगळं मैदान चिडीचूप. घोषणा नाही, काही नाही. पावसात माणसं तशीच बसून राहिली. मग एकेक उठली, आणि न बोलता घरी गेली.”

वस्तादांनी त्याच्याकडं पाहिलं. पहिल्यांदा नीट पाहिलं.

“मग ऐकलं असंल त्यांनी.”