पाहिले, योग्य

"म्हणजे तिला काढून टाकायचं, हे तू ठरवूनच आलायस?"

केळुसकर सरांनी विचारलं तेव्हा त्यांचं तोंड खिडकीकडे होतं. बाहेर आभाळ दाटून होतं. डॉ. गिरीश उपळेकर समोर बसला होता. त्याचा चहा केव्हाच निवला होता.

"मी नाही ठरवलं, सर. तिचं कामच सांगतंय. चार वर्षं झाली, हाती काही नाही."

गिरीश हा सरांचा जुना विद्यार्थी. आता वनस्पतिशास्त्रातला नावाजलेला मार्गदर्शक. त्याच्या हाताखाली सतरा जण पीएच.डी. झाले होते, आणि हा आकडा तो स्वतःची ओळख करून देतानाच सांगून टाकायचा.

अठरावी नयना धुरी. खाऱ्या पाण्यात भाताचं रोप तगावं म्हणून खारफुटीच्या मुळांतली एक बुरशी ती रोपांना देऊन पाहत होती. गेल्या महिन्यात दुसऱ्या प्रयोगशाळेने तिचा प्रयोग जसाच्या तसा करून पाहिला. त्यांची सगळी रोपं मेली.

आता तिच्या वार्षिक मूल्यमापनाचा कागद टेबलावर होता. 'असमाधानकारक' या शब्दापुढे खूण झालेली होती. सर समितीतले बाहेरचे सदस्य. त्यांची सही झाली की नोंदणी रद्द, शिष्यवृत्ती बंद, मुलीची चार वर्षं पाण्यात.

"ती काय म्हणते?"

"काही नाही. मान खाली घालून उभी राहते. होस्टेलची खोली आवरायला घेतलीय म्हणे."

सरांनी टेबलावरचा कागद बोटांनी चाचपला.

"आणि बेफिकीर किती, सर! शेवटचे तीन महिने प्रयोगवहीत एक ओळ नाही. तुम्ही आम्हाला असं चालवून घेतलं असतं?"

"नसतं."

गिरीशला बरं वाटलं. त्याने पेनाचं टोपण काढून पेन सरांच्या हातात दिलं.

सरांनी ते नुसतं धरून ठेवलं. "वही आणलीयस?"

आणली होती. पुरावा म्हणून.

"वाच."

"मी?"

"मला कुठे दिसतंय आता? आणि न वाचता सही करायची मला सवय नाही."

गिरीशने मधलंच एक पान उघडलं. दोन वर्षांपूर्वीचं.

"'बुरशी दिलेली रोपं छान आहेत. पण न दिलेलीही तशीच हिरवी आहेत. ती खाऱ्या पाण्यात मरायला हवी होती. मीठ मोजायचं मीटर बिघडलं असेल का? सर, तपासून घेऊ का?'"

तो थांबला.

"खाली काय आहे?"

"खाली… माझाच शेरा. 'पाहिले. योग्य.' आणि सही."

प्रत्येक पानाखाली मार्गदर्शकाचा शेरा आणि सही हवीच, ही शिस्त सरांनीच लावली होती. गिरीशने ती एकदाही मोडली नव्हती. दर शनिवारी वह्यांचा गठ्ठा त्याच्या टेबलावर यायचा, आणि चहा संपेपर्यंत तो हातावेगळा करायचा.

"पुढे."

"'सरांनी योग्य म्हटलं आहे. माझीच शंका चुकीची असणार. त्याच मीटरवर काम पुढे चालू.'"

गिरीशचा आवाज उतरला. हे अक्षर दर शनिवारी त्याच्या डोळ्यांखालून गेलं होतं, आणि वाचत होता तो आज. त्याला लाज वाटली. मग रागही आला.

"तिने तोंडी विचारायला हवं होतं, सर."

"तू मला तोंडी विचारायचास?"

"नाही. वहीत लिहायचो."

"का?"

"…तुम्ही वाचायचात."

गिरीशने न सांगताच शेवटचं लिहिलेलं पान काढलं.

"'आज आपलं मीटर दुसऱ्या विभागातल्या मीटरशी ताडून पाहिलं. आपलं चुकीचं दाखवतं. पाण्यात मीठ जवळजवळ नव्हतंच. सगळे आकडे फुकट गेले. सर, मी काय करू?'"

सरांनी खालचा शेरा विचारला नाही. गिरीशनेही तो सांगितला नाही. तिथेही तेच दोन शब्द होते.

त्याने पान उलटलं… आणि तसाच बसून राहिला.

"काय झालं?"

"पुढे कोरं आहे, सर."

"ते मघाशीच सांगितलंस. तीन महिने एक ओळ नाही."

"पण… खाली माझी सही आहे."

"कोऱ्या पानावर?"

"त्या शनिवारी घाई होती. हात पुढेच जात राहिला असेल. पाच पानं… 'पाहिले. योग्य.' पाचही पानांवर."

वही परत मिळाल्यावर नयनाने ती पानं पाहिली असणार. तीन महिने तिने वहीत का लिहिलं नाही, हे आता त्याला कोणी सांगायला नको होतं.

सरांनी चाचपडत टोपण शोधलं, पेन बंद केलं आणि त्या कागदावर ठेवून दिलं.

"सर, मी काय करू?"

सरांनी मान वळवली. दृष्टी गेलेले डोळे त्याच्यावर स्थिर झाले.

"सही केलीयस ना त्या पानांवर? मग वाचून दाखव."