कपाटातला राउटर

यंत्रं एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली गोष्ट. दामूअण्णा पिंगळ्यांच्या डेअरीत, थंड खोलीच्या भिंतीवर एक थर्मामीटर होता. खोली तापली की अण्णांच्या मोबाइलवर निरोप धाडायचा, एवढंच त्याचं काम. निरोप पोचवायचा राउटरने. आणि राउटरला अण्णांनी हळदकुंकू वाहून, धूळ बसू नये म्हणून लोखंडी कपाटात कुलूपबंद केलेलं.

त्या दिवशी सकाळीच खोली तापू लागली. आत लग्नाचं श्रीखंड होतं.

"अरे, कळव ना अण्णांना!" थर्मामीटर ओरडला.

"कोण बोलतंय? जरा मोठ्याने!" कपाटातून बारीक आवाज आला.

"आता काय घसा फोडून घेऊ?"

दुपारी अण्णा आले, तोवर श्रीखंडाचे डबे फुगले होते. "मुका आहे मेला! हा तिसरा!" म्हणत त्यांनी थर्मामीटरला एक चापट हाणली आणि त्याचं गॅरंटी कार्ड काढायला कपाट उघडलं. तोच मोबाइल खणखणू लागला. सकाळपासूनचे त्रेचाळीस निरोप एकदम येऊन आदळले.

अण्णांनी कौतुकाने राउटरची पाठ थोपटली. "जपून ठेवला म्हणून कसा नव्यासारखा चालतोय!"

त्यांनी कपाटाला पुन्हा कुलूप घातलं आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते थर्मामीटरकडे वळले.