नळावरची पाटी

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात चार इयत्तांची एक शाळा होती आणि चारही इयत्तांना मिळून एकच बाई होत्या, प्रमिलाबाई. गेल्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा लिहिला होता, 'मुलांचे वाचन कच्चे.' जाताना बजावलेही होते, "पुढच्या वर्षीही असेच दिसले, तर ही शाळा बंद करून मुले नदीपलीकडच्या शाळेत पाठवू." नदीवर पूल नव्हता. मुलगे कसेही जातील, पण मुलींना आया धाडणार नाहीत, हे बाईंना ठाऊक होते.

म्हणून वर्षभर त्यांनी वर्गाला सुरात वाचायला लावले. अर्थ नंतर पाहू, आधी जीभ वळू दे. पोरे घडाघडा वाचू लागली, तेव्हा कुठे बाईंना जरा हायसे वाटले.

तपासणीला आठ दिवस उरले होते. त्या सकाळी गावच्या टाकीत औषध टाकले होते आणि शिपायाने शाळेच्या नळावर पाटी टांगली होती. तिसरीतली तानी पाटीपुढे उभी राहिली. तिने सुरात, खणखणीत वाचले, "टाकीत औषध टाकले आहे. आज हे पाणी पिऊ नये." आणि नळ सोडून तिने खाली ओंजळ धरली.

बाईंनी धावत जाऊन तिचा हात ओढला. "अगं, आत्ता काय वाचलंस?"

"पाटी वाचली, बाई."

"काय लिहिलंय तीत?"

तानी गोंधळली. "परत वाचू का?"

बाईंनी नळ घट्ट बंद केला. दुपारी त्यांचा डबा तसाच राहिला. सूर मोडावा तर पोरे अडखळणार आणि शेरा ठरलेला. न मोडावा तर ती ओंजळ डोळ्यांपुढून हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सूर बंद झाला. एक वाक्य वाचायचे, थांबायचे, काय झाले ते आपल्या शब्दांत सांगायचे. कळले नाही तर विचारायचे. एका पानाला दोन दिवस लागले.

"बाई, आधी येत होतं, आता येईना," पोरे कुरकुरली. बाईंनाही तीच धास्ती होती.

साहेब आले. त्यांनी पिशवीतून गोष्टीचा एक कागद काढून तानीला दिला. ती थांबत थांबत वाचू लागली. साहेबांनी घड्याळ पाहिले आणि पेनाचे टोपण काढले. बाईंनी पदराचे टोक मुठीत आवळले.

तानी मध्येच गप्प झाली.

"अडलं का?" साहेबांनी विचारले.

"शब्द नाही अडला. वर लिहिलंय, म्हातारीनं शेळी खुंट्याला बांधली. खाली शेळी एकटीच ओढ्यावर पाणी पितेय. मग तिला सोडली कुणी?"

साहेबांनी कागद घेतला. एकदा वाचला, पुन्हा वरपासून वाचला.

"अकरा शाळांत हा वाचून घेतला," ते हळूच म्हणाले, "मीच वाचला नव्हता."

त्यांनी शेरा लिहिला, 'वाचन सावकाश, पण पक्के. शाळा इथेच राहावी.'

साहेब गेले. बाईंनी पदर सोडला, तर त्याच्या चुण्या जाईनात. तानी अजून तिथेच उभी होती.

"बाई, पण सोडली कुणी?"

तात्पर्य: जिभेला आले म्हणजे मनाला कळले असे नव्हे. मूल अडखळले तरी चालेल, पण त्याने समजून वाचावे आणि न समजले तर विचारावे.