धामणदरीची पहिली कुदळ

धामणदरीच्या टेकडीच्या उतारावर क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची एक लहानशी दफनभूमी आहे. दगड सगळे गुडघ्याखालच्या उंचीचे. त्यांवर फक्त नाव. पदवी नाही, वचन नाही. इथे माणूस गेला की खड्डा आधी खणून ठेवत नाहीत. प्रेत कडुनिंबाखाली ठेवतात, मधोमध कुदळ आडवी टाकतात आणि सगळे तिच्याभोवती मुकाट बसून राहतात. घरची माणसेही लगेच तिला हात लावत नाहीत. बाहेरून आलेल्यांना हे बघवत नाही. कशाची वाट पाहताय, असे कोणीतरी विचारतेच. मग या जागेची व्यवस्था पाहणारे वृद्ध अनुग्रह लोखंडे राहेलची हकीकत सांगतात. या हकिकतीला कागदाचा आधार नाही, हे ते आधीच स्पष्ट करतात.

राहेल ही या भूमीची पहिली व्यवस्थापक, असे सांगतात. कुंपण धड ठेवणे, जागा आखून देणे, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून ताज्या मातीवर काटेरी बोराटी रचणे, ही सारी कामे तिची. या मंडळींत ना पाद्री, ना पंच, ना मतदान. प्रश्न आला की सर्वांनी मौनात बसायचे, ज्याला आतून बोलावेसे वाटेल त्याने बोलायचे, आणि सगळ्यांचे मन एक झाले तरच पाऊल उचलायचे. एकाचे जरी मन अडले, तरी काम थांबे. राहेलने हा नियम कधी वाकवला नव्हता.

दुसरा नियम शस्त्राचा होता: बंदूक हाती घेईल तो आपल्यातला नव्हे. तरीही राहेलचा मुलगा योना पहिल्या महायुद्धात पलटणीत भरती होऊन बसऱ्याच्या लढाईवर गेला, आणि जाताना मंडळीतल्याच शमुवेलबुवांच्या मुलाला, नथनलाही सोबत घेऊन गेला. नथन तिकडेच राहिला; त्याला कुठे पुरले, हे कोणी कळवले नाही. योना परतला तो छाती पोखरून, आणि ऐन वैशाखात गेला.

सकाळीच मंडळी जमली. योनाला इथल्या मातीत घ्यायचे का, एवढाच प्रश्न. शमुवेलबुवा म्हणाले, "माह्या मनाले पटत नाई," आणि डोळे मिटून बसले.

ऊन चढू लागले. सावली सरकेल तशी राहेल मुलाची बाज सरकवत होती, कडुनिंबाच्या डहाळीने माश्या वारत होती, पुन्हा येऊन बसत होती, पुन्हा उठत होती. कोणी खाकरले तरी तिला वाटे, आता बोलतील. 'घाई करू नका,' असे याच मौनात ती इतरांना कितीदा म्हणाली होती. ते शब्द आता तिलाच बोचत होते. कुंपणापलीकडे जमलेल्या गावकऱ्यांतून कोतवाल ओरडला, "बाई, तुमचा देव बोलेपर्यंत मढं नासून जाईन!" दोघेचौघे हसले.

शेजारी बसलेली एक बाई हळूच म्हणाली, "राहेलमावशी, कुदळ तं तुह्याच ताब्यात हाय. खन ना. कोन आडवते तुले?"

"आजवर कोन्हासाठी अशी खनली नाई," राहेल म्हणाली. "आज खनली, तं उद्या हे जागा माह्या घरची होईन."

दिवस कलला, तरी बुवांचे डोळे उघडले नाहीत. प्रेत आता थांबण्यासारखे नव्हते. राहेल उठली, कुदळ घेऊन फाटकाबाहेर गेली आणि पलीकडच्या पडीक जमिनीत उभी राहिली. नियम मोडायचा नव्हता. पण पोराला माती तर द्यायलाच हवी होती. तिने कुदळ उचलली, तोच मागून कोणीतरी दांडा धरला. शमुवेलबुवा अनवाणीच धावत आले होते म्हणे.

"सोड."

"बुवा, हे तं बाहेरची जागा हाय. इथंबी तुमचं मन आडते का?"

"बाहेर माहा एक पोरगा हाय," ते म्हणाले. "कुठं, ते मले माहीत नाई. आनखी एक नको."

त्यांनी कुदळ तिच्या हातून घेतली, कुंपणाच्या आत आले आणि तिने आखलेल्या ओळीत, पुढच्या मोकळ्या जागी, पहिला घाव घातला. एकच. मग ती खाली ठेवून म्हणाले, "माफ केलं असं समजू नको."

"नाई समजत," राहेल म्हणाली. बाकीचे खणू लागले तेव्हा बुवा मागे न पाहता टेकडी उतरून गेले.

आजही धामणदरीत सारे थांबतात ते अशाच एखाद्यासाठी: मेलेल्याविषयी ज्याचे मन अडलेले आहे त्याच्यासाठी. पहिली कुदळ त्याने मारायची. क्षमा केली असे म्हणायचे बंधन त्याच्यावर नाही. ज्याचे कोणाशीच वाकडे नाही त्याला तिथे माती मिळायची नाही, अशी आसपासच्या गावांत थट्टा चालते. लोखंडे त्या थट्टेला हसत नाहीत. कधी कधी ऊन उतरेपर्यंत बसावे लागले, पण कोणीच उठले नाही असे अजून झालेले नाही, एवढेच ते सांगतात. आणि उठणारा, बहुतेक वेळा, घरच्यांमधूनच उठतो.