वडावरची आधीची मंडळी

मंगल कार्यालयं गावोगाव असतात. पण जिथे वऱ्हाडाच्या आधी वटवाघळांचा मान, असं कार्यालय एकाच शहरात होतं, आणि ते होतं द्वारकाकाकूंचं.

भर बाजारपेठेत कार्यालय आणि त्याच्या अंगणात एक अवाढव्य वड. त्या वडावर शेकडो वटवाघळं राहत. चांगली थोराड, तांबूस अंगाची, पंख पसरले तर दोन हातांहून लांब. दिवसभर ती उलटी लटकून झोपत. ऊन तापलं की पंखांनीच स्वतःला वारा घालत. मधूनच फांदीवरच्या जागेवरून त्यांची अशी काही कचाकचा भांडणं लागत की खाली पंगतीत रुसून बसलेला मामासुद्धा रुसवा विसरून वर बघत राही.

पण खरी बघण्यासारखी वेळ दिवेलागणीची. सूर्य मावळला की आधी एक वाघूळ सुटे. ते वडाला एक गिरकी घाली. मग दुसरं, मग पाच-दहा, आणि मग अख्खा वडच आभाळात निघालाय असं वाटे. दुकानांच्या पाट्यांवरून, गच्च्यांवरून, देवळाच्या कळसावरून ती काळी रांग सावकाश नदीकडे जाई. गडबड नाही, धक्काबुक्की नाही. खाली रस्त्यावर माणसं एकमेकांच्या अंगावर गाड्या घालत असायची, आणि वर हे असं शहाण्यासारखं चाललेलं! भाजीवाल्या तराजू हातात धरून बघत. काही म्हणा, डोळ्यांचं पारणं फिटे.

म्हणून काकूंचा नियम होता. वडावरची मंडळी उठून जाईपर्यंत बँड नाही, ताशा नाही. फटाके तर कधीच नाहीत. गोरज मुहूर्ताचं लग्न असलं तर भटजीही मंगलाष्टक मध्येच थांबवत, सगळे वर बघत, आणि रांग गेली की पुढचं कडवं सुरू होई. शहराला त्याची सवय झाली होती.

त्याच शहरात त्र्यंबकशेठ कासार हे भांड्यांचे व्यापारी राहत. माणूस सरळ, पण मानाला फार जपणारा. वडावर वाघळं आहेत हे त्यांनी ऐकलं होतं. उडताना पाहिली मात्र नव्हती. अहो, पाहणार कधी? दिवेलागण म्हणजे गिऱ्हाइकाची वेळ. सगळी पेठ वर बघत असे तेव्हा शेठ कळशीला पोचा आलाय का ते बघत असत.

त्यांची एकुलती एक मुलगी मंजिरी. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. शेठनी तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. परजिल्ह्यातलं मोठं घराणं मिळालं, मुलगा गुणी निघाला, आणि मुहूर्त निघाला वैशाखातल्या गोरजाचा. शेठ धावतपळत काकूंकडे गेले. काकूंनी नियम सांगितला. शेठ "हो हो" म्हणाले. ऐकलं किती, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. लग्नघरच्या यजमानाला त्या दिवसांत कानाने ऐकू येत नाही, हे काही खोटं नाही.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात, ते शेठना लग्नाच्या आदल्या दिवशी कळलं. दुपारी वरपक्ष आला. विहीणबाई, म्हणजे मुलाच्या आई इंदुमतीबाई, अंगणात उतरल्या आणि वर बघून जागच्या जागी थबकल्या. त्यांच्या घरात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. उलटी टांगलेली ही अभद्र जनावरं आणि त्यांच्याखाली शुभकार्य? त्यांनी शेठना बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "उद्यापर्यंत झाड मोकळं करा. नाहीतर आम्ही आल्या पावली परत जातो."

शेठच्या तोंडचं पाणी पळालं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आचारी बसले होते, पोरीच्या हातावर मेंदी चढत होती. ते लगेच म्हणाले की काळजी करू नका, झाड मोकळं झालंच म्हणून समजा. शब्द देऊन बसले आणि काकूंकडे गेले. चार सुतळी बॉम्ब लावू द्या, म्हणाले.

काकूंनी त्यांना वडाखाली नेलं आणि वर बोट दाखवलं. शेठनी डोळे बारीक करून पाहिलं. पुष्कळशा वाघळांच्या छातीला एकेक पिल्लू चिकटलेलं होतं. काकू म्हणाल्या की वैशाखात हे असंच असतं. भरदिवसा बार उडाला तर आया दचकून उठतात, पिल्लांची पकड सुटते आणि ती खाली फरशीवर पडतात. मग त्या उन्हात भिरभिरत राहतात. एकदा कुणीतरी चोरून असं केलं होतं, ती फरशी काकूंनी स्वतः धुतली होती.

"कार्यालय तुम्हाला दिलंय, शेठ," काकू म्हणाल्या. "झाड दिलेलं नाही."

शेठ मान खाली घालून निघाले. पण माणसाचं घोडं अडलं की त्याला चोरवाटा सुचतात. त्यांनी गुपचूप बाजारातून सुतळी बॉम्ब आणले. ऊन कलल्यावर, काकू मुदपाकखान्यात गुंतल्या आहेत असं पाहून, ते पिशवी आणि पेटलेली उदबत्ती घेऊन वडाच्या पाठीमागे गेले. पिल्लं डोळ्यांसमोरून जात नव्हती. पण मंजिरी बोहल्यावरून परत आलेली, तीही दिसत होती. आपली पोर पहिली, असं त्यांनी मनाला समजावलं आणि पिशवीत हात घातला.

तेवढ्यात मेंदीचे हात अधांतरी धरून मंजिरीच तिथे आली. आतल्या गलक्यातून जरा मोकळ्या हवेत आली होती. शेठनी पिशवी पायामागे सरकवली, आणि गोंधळलेला माणूस करतो तेच केलं. उपदेश सुरू केला. आईने सांगायचं ते आता त्यांनाच सांगावं लागणार होतं, आणि तेही आजच.

"तू उद्या दुसऱ्यांच्या घरात जाणार, बाळा. तिथे आधीपासून माणसं आहेत. त्यांच्या रीती असतील, सवयी असतील. तुला विचित्र वाटतील. तरी गेल्या गेल्या कुणाला जागचं हलवू नकोस. सांभाळून घे."

मंजिरीने ऐकून घेतलं. मग ती हळूच म्हणाली, "घेईन, बाबा. पण या झाडावर आधीपासून जी आहेत त्यांचं काय? तुमच्या पायामागची पिशवी मला दिसतेय."

शेठची एवढी वर्षं दुकानात गेली, पण इतकं नेमकं माप त्यांच्या पदरात कुणी घातलं नव्हतं. उदबत्तीची राख बोटांवर पडली तरी त्यांना कळलं नाही. आणि बाप-लेक तसेच उभे असताना सूर्य मावळला.

पहिलं वाघूळ सुटलं. मग दुसरं. मग वड हलायला लागला. शेठनी जन्मात पहिल्यांदा मान वर करून ते पाहिलं. आया पोटाशी पिल्लं धरून फांदी सोडत होत्या, क्षणभर खाली येत होत्या आणि मग पंखांवर तोल घेऊन वर जात होत्या. एवढं ओझं छातीशी, आणि एकही चुकत नव्हती. मावळतीच्या तांबड्या आभाळात त्यांचे पंख पातळ, आरपार दिसत होते. रांग संपेचना. शेठच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. इतकी वर्षं आपल्या डोक्यावरून हे रोज जात होतं आणि आपण कळशा वाजवून बघत बसलो, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्याहून जास्त, आज आपण काय करायला निघालो होतो त्याचं.

आभाळ रिकामं झाल्यावर त्यांनी हौदावरची बादली भरली आणि पिशवीवर ओतली. मग भिजल्या धोतरानिशी ते तडक विहीणबाईंच्या खोलीकडे गेले. त्यांनी हात जोडले आणि झाड मोकळं होणार नाही असं सांगितलं.

इंदुमतीबाईंच्या कपाळावर आठी चढली. शब्द दिला होता ना, एवढंच त्यांनी विचारलं.

"दिला होता, आणि तो मोडतोय," शेठ म्हणाले. "आत्ताच मुलीला सांगून आलो की सासरी आधीपासून जी माणसं आहेत त्यांना जागचं हलवू नकोस. विहीणबाई, त्या घरात आधीपासून तुम्ही आहात. आणि तिच्याच लग्नासाठी मी इथल्यांना बार उडवून उठवलं, तर पोर काय शिकून येईल तुमच्या घरी?"

विहीणबाईंनी दार लोटून घेतलं. ते "हो" की "नाही", हे शेठना कळलं नाही. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळपासून ते वरपक्षाच्या खोल्यांकडे चोरून बघत होते. कुणी बोचकी तर बांधत नाही ना?

कुणी बांधली नाहीत. संध्याकाळी नवरदेव बोहल्यावर आला. इंदुमतीबाईही आल्या आणि पुढच्या लांब कोचावर मधोमध बसल्या. चेहरा मात्र दगडासारखा. आंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि वडावर पहिली गिरकी झाली. भटजी थांबले. बँडवाले वाद्यं मांडीवर घेऊन बसले. अख्खा मांडव मान वर करून बघू लागला. शेठ तेवढे वर बघत नव्हते. ते विहीणबाईंकडे बघत होते.

विहीणबाईंनी आधी मान दुसरीकडे वळवली. मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. मग एक आई पिल्लासकट त्यांच्या डोक्यावरून अशी सुरेख वळण घेऊन गेली की बाईंचा हात आपोआप छातीवर गेला. शेवटचं वाघूळ नदीकडे दिसेनासं होईपर्यंत त्यांनी मान खाली घेतली नाही.

भटजींनी उरलेलं कडवं म्हटलं. आंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि मग कुठे बँड वाजला. नवरा-नवरी पाया पडायला आली. मंजिरी वाकली आणि उठून एका बाजूला, भिंतीशी उभी राहिली.

इंदुमतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या लांब कोचावर त्या सरकून एका कडेला बसल्या आणि शेजारी हात टेकवला.

"उभी का, पोरी? ये, बस इथे," त्या म्हणाल्या.

तात्पर्य: आधीपासून असलेल्यांची जागा जो राखतो, त्याला नव्या घरात जागा मागावी लागत नाही. घरातली माणसंच सरकून ती करून देतात.